डिस्क आहे, पण दिसंना

"गुरुजी, डिस्क चांगलीय, पण दिसंना!" हिंगोलीतल्या दुकानातला पोरगा म्हणाला. जिल्हा परिषद शाळेच्या एका गुरुजींसोबत मी गेलो होतो. देणगीत मिळालेले चार जुने लॅपटॉप. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, 11 यांच्यावर चालत नाही, म्हणून गुरुजींना लिनक्स टाकायचं होतं. पहिल्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलर म्हणतो, डिस्कच नाही. पोराने बायोसमध्ये जाऊन 'रेड' मोड बदलून 'एएचसीआय' केला. पाच मिनिटांत डिस्क हजर.

हे तांत्रिक वाटेल, पण जरा ऐका.

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल. डिस्कशी बोलायचं काम त्याचं. डिस्क सगळ्यांना ठरलेल्या भाषेत बोलली तर एकच ड्रायव्हर पुरतो. कंपनीने स्वतःची भाषा काढली की कंपनीचाच ड्रायव्हर शोधत फिरा. माझ्या वयाच्या लोकांना विंडोज 98 आठवत असेल. पेन ड्राइव्हसोबत सीडी यायची, ती हरवली की पेन ड्राइव्ह म्हणजे नुसती किल्लीची साखळी. पुढे यूएसबीची समान पद्धत सिस्टिममध्येच आली आणि ती कटकट संपली. आम्हा पत्रकारांचं फॉन्टचं तसंच. श्रीलिपीत टाइप केलेली बातमी दुसरीकडे उघडली की नुसत्या किड्या-मुंग्या. युनिकोडने सोडवलं.

डिस्कचंही तेच झालं. साटा डिस्कसाठी एएचसीआय हे मानक 2004 चं. विंडोज एक्सपी 2001 ची, तिला ते कळायचंच नाही. नव्या लॅपटॉपवर एक्सपी टाकली की निळा स्क्रीन. तेव्हा पोरं उलटं करायची, एएचसीआय काढून आयडीई लावायची. मग 2011 मध्ये वेगवान एसएसडीसाठी एनव्हीएमई मानक आलं. लिनक्स कर्नलने 2012 च्या 3.3 आवृत्तीत ते घेतलं, विंडोजने 8.1 मध्ये. एएचसीआयमध्ये एकच रांग आणि तिच्यात 32 आज्ञा. एनव्हीएमईत हजारो रांगा. काम झालं असं वाटलं.

पण इंटेलच्या 'रॅपिड स्टोरेज'ची रेड मोड चालू करून लॅपटॉप विकले जाऊ लागले. त्यात एनव्हीएमई डिस्क पडद्याआड जाते आणि लिनक्सला दिसत नाही. 2016 मध्ये लेनोवोच्या योगा 900 वरून जगभर ओरड झाली, कारण बायोसमध्ये मोड बदलायची सोयच नव्हती. ओरडीनंतर कंपनीने वेगळं बायोस दिलं. आता नव्या इंटेल लॅपटॉपवर विंडोज 11 टाकतानासुद्धा कधी कधी डिस्क दिसत नाही, आधी इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्यावा लागतो.

कंपन्या म्हणतात, रेडने सोयी मिळतात. दोन-चार डिस्क जोडणाऱ्याला मिळत असतील. शाळेच्या एका डिस्कच्या लॅपटॉपला त्याचं काय कौतुक?

माझं म्हणणं एवढंच. शाळा, ग्रामपंचायती, तहसील यांच्यासाठी जनतेच्या पैशातून संगणक घेतले जातात. निविदेत रॅम किती, स्क्रीन किती इंच हे लिहितात. त्यात एक ओळ वाढवा: डिस्क एएचसीआय किंवा एनव्हीएमई मानकाने, वेगळ्या ड्रायव्हरशिवाय दिसली पाहिजे आणि मोड बदलायचा पर्याय बायोसमध्ये उघडा पाहिजे. पैसा जास्त लागत नाही. आपल्याच औंढ्याजवळ लायगो उभं राहतंय, लायगोचं गणिताचं काम लिनक्सवर चालतं. त्याच तालुक्यातल्या पोरांना लिनक्स शिकायला डिस्क दिसू नये?

(आणि हो, विंडोज चालू असताना घरी मोड बदलू नका, ते सुरूच होणार नाही. आधी जाणकाराला विचारा.)

गुरुजींचे तीन लॅपटॉप सुरू झाले. चौथ्याच्या बायोसमध्ये तो पर्यायच नाही. सध्या तो शाळेच्या कपाटात आहे.