दाढेचा ठणका आणि जागलेल्या रात्री

दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर कोणी गालाला टॉवेल गुंडाळून बसलेला दिसला की ओळखावे, दाढेचा रुग्ण आहे. मागच्या गळीत हंगामात इंदापूर तालुक्यातील कालव्याकाठचे एक शेतकरी असेच आले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दाढेनं रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही."

मी विचारले, "काका, त्याआधी किती रात्री नीट झोपला होता?"

त्यांनी बोटांवर मोजले. आठवडाभर रात्रीची लाईट होती. उसाला दारे धरायला रोज रानात जावे लागे. झोप येऊ नये म्हणून थर्मासमधला गोड चहा आणि गालात तंबाखू. पहाटे घरी येऊन तसेच अंग टाकायचे. दात घासायचे राहूनच जाई.

वाचकहो, ही एकट्याची कथा नाही. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात रात्र जागवणारे पुष्कळ आहेत. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांतील रात्रपाळीचे कामगार, एमआयडीसीतील मुले, मध्यरात्रीनंतर कोयता घेऊन फडात उतरणाऱ्या ऊसतोडणीच्या टोळ्या, आणि अलीकडे हातात मोबाईल धरून जागणारी कॉलेजची पिढी. दात दुखला की आपण फक्त दात पाहतो. माझे मत असे की, झोपेचीही चौकशी झाली पाहिजे.

आता यातील शास्त्र पाहू. झोप कमी झाली म्हणून दात किडतो, असे सरळ म्हणता येणार नाही. दात किडतो तो साखर आणि जंतू यांच्यामुळे. गोड खाल्ले की तोंडातील जंतू त्यापासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे कवच विरघळवते. लाळ हे आम्ल धुऊन काढते, पण त्याला साधारण अर्धा तास लागतो. दर तासाला गोड चहा घेतला, तर लाळेला सवड मिळणार कशी? त्यातून रात्री लाळ मुळातच फार कमी सुटते. गोड तोंडाने, दात न घासता झोपणे म्हणजे जंतूंना मोकळे रान देणे होय. घोरणाऱ्यांचे व तोंडाने श्वास घेणाऱ्यांचे तोंड तर आणखीच कोरडे पडते.

अपुऱ्या झोपेने शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते आणि रक्तातील साखर चढते. मधुमेह्यांच्या हिरड्या लवकर सुजतात, पू धरतात. उलट हिरड्यांचा जुना दाह असला, तर साखर आटोक्यात येत नाही. शिवाय झोप न झालेल्या माणसाला तीच वेदना अधिक जाणवते. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्ताचा दाब वाढतो, दाताच्या आतला सुजलेला गाभा कठीण कवचात कोंडला जातो आणि ठणका चढतो. म्हणजे झोप नाही म्हणून दुखणे जास्त, आणि दुखणे जास्त म्हणून झोप नाही. हे चक्र कोठेतरी तोडावेच लागते.

काहींना झोपेत दात खाण्याची सवय असते. सकाळी जबडा जड वाटतो, कानशिले दुखतात, दात झिजतात. मूल दात खाते म्हणजे पोटात जंत झाले, असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्याला भक्कम आधार नाही. ताण, तंबाखू, चहा-कॉफी, दारू आणि मोडलेली झोप यांचा संबंध अधिक आहे.

आता उपायांविषयी. दाढेत मिशरी किंवा तंबाखू दाबल्याने घटकाभर बधिर वाटते, पण तंबाखू झोप उडवते, हिरड्या खाते आणि कर्करोगाला आमंत्रण देते. हिरडीवर अ‍ॅस्पिरिनची गोळी ठेवू नये, तिथली कातडी भाजते. 'दाताचा किडा' काढून दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नये. मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या आणून दिवसचे दिवस खाल्ल्या, तर जठराला व्रण होतो, मूत्रपिंडावर ताण येतो. ठणका थांबतो, कीड थांबत नाही.

रात्री कामावर जाणाऱ्यांनी चहा बिनसाखरेचा घ्यावा, मधूनमधून पाण्याने चूळ भरावी आणि झोप दिवसा असो वा रात्री, त्याआधी फ्लोराइडच्या पेस्टने दात घासावेत. दिवसा झोपताना खोलीत अंधार करून सात तास तरी सलग झोप घ्यावी. ठणका असेल तर उशी उंच घ्यावी आणि दुसऱ्याच दिवशी दंतवैद्य गाठावा. सरकारी रुग्णालयातील दंत विभागातही दाखवता येईल. चेहऱ्यावर सूज, ताप, तोंड न उघडणे, गिळताना त्रास, यांपैकी काही दिसले तर एक तासही थांबू नये. जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण व घाम आला, तर ते हृदयाचे दुखणे समजून थेट रुग्णालयात जावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. रात्री जागणे ही शेतकऱ्याची हौस नाही. 2017 साली राज्याने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली, ती शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून. तिच्याकडे केवळ विजेची योजना म्हणून पाहू नये. जो शेतकरी रात्री झोपतो, त्याला रात्रीचे साप-विंचू टळतात, रक्तदाब-मधुमेह आटोक्यात ठेवणे सोपे जाते आणि, हसू नका, दातही टिकतात. ज्या गावांत अजून रात्रीच दारे धरावी लागतात, त्यांनी दिवसाच्या विजेची मागणी आरोग्याची मागणी म्हणून लावून धरावी.

त्या काकांची दाढ वाचली नाही, काढावी लागली. उरलेले दात वाचवायचे तर तंबाखू सोडायची आणि झोप भरून काढायची, एवढेच मी त्यांना सांगितले. ते म्हणाले, "तंबाखू सोडतो साहेब, पण लाईटचं कोण बघणार?" या प्रश्नाचे औषध माझ्या कपाटात नाही.