'ताप' नावाचा रकाना

अलीकडच्या इतिहासलेखनात हवामानाला फार भाव आला आहे. परंपरेनुसार 1396 पासून बारा वर्षे दख्खन होरपळवणाऱ्या दुष्काळाला आपल्या पूर्वजांनी दुर्गादेवीचे नाव दिले. आजचा अभ्यासक देवीच्या जागी एल निनोला बसवतो आणि हात झटकतो. मखर तेच, मूर्ती तेवढी बदलली. या स्पष्टीकरणाला आमचा आक्षेप आहे, आणि तो आम्ही आमच्या वर्धा जिल्ह्याच्या आधारे नोंदवतो.

या जिल्ह्यात (जिथे पिपरी मेघेसारखी गावे नावातच मेघ वागवतात!) 1891 साली सुमारे 4 लाख माणसे होती. 1901 च्या खानेसुमारीत ती सुमारे 3 लाख 85 हजार भरली. मधल्या दशकात 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ पडले. पण माणसे मेली ती कशाने? मृत्यूची वर्दी गावचा कोतवाल देई, आणि सरकारी तक्त्यात सर्वांत मोठा रकाना असे तो तापाचा. शिवाय पटकी होती, हगवण होती. अर्धपोटी माणसाला गाठणारा हिवताप सरकारदरबारी नुसता 'ताप' ठरला. आणि हिवताप येतो तो पावसाच्या पाठोपाठ. ज्याच्या अभावाने माणसे मेली म्हणावे, तो पाऊस परतल्यावरही मरण थांबले नाही, हे कोणत्या पर्जन्यमापकाने समजावून द्यायचे?

हवामान निर्दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. पण 1867 च्या सुमारास रेल्वे आल्यापासून हिंगणघाटचा कापूस मुंबईची वाट चालू लागला होता; शेतमजुराच्या चुलीचा संबंध ढगांइतकाच ज्वारीच्या भावाशी जडला होता.

खरी अडचण पुढेच आहे. 1899 ची अनावृष्टी 1896 पेक्षा भीषण. तरीही मध्य प्रांताचे मृत्युमान 1897 मध्ये हजारी 69 च्या आसपास होते, तर 1900 मध्ये 57 च्या. दुसऱ्या खेपेस सरकारने मदतीची कामे वेळेवर काढली, अन्नछत्रे उघडली. 1900 च्या पावसाळ्यात प्रांतात 20 लाखांहून अधिक माणसे मदतीवर होती. पहिल्या खेपेस हाच हात आखडता घेतला होता. आभाळ अधिक कोरडे आणि मरण कमी: झाडांच्या वलयांत दुष्काळ वाचणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.