मिस्त्रीचा कागद

बँकेच्या नोकरीत मी पुष्कळ कर्जअर्ज नामंजूर केले आणि विसरूनही गेलो. एक मात्र विसरता येत नाही. १९९१ सालची गोष्ट. आमच्या गल्लीत हरकाम्या म्हणून फिरणारा एक मिस्त्री ड्रिल मशीनसाठी चार हजार रुपये मागायला शाखेत आला. गळका नळ, अडकलेली कडी, खिळखिळी खुर्ची, त्याला काहीच वर्ज्य नव्हतं. मी विचारलं, "धंद्याचा परवाना? दुकानाची नोंदणी?" त्याने खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली. "साहेब, हेच दुकान." शाखेत हशा पिकला आणि अर्ज परत गेला. त्याच वर्षी जुलै महिन्यात सरकारने १८ उद्योग सोडून बाकी साऱ्या कारखानदारीला परवान्यातून मोकळं केलं होतं. पिशवीवाला मात्र परवान्यावाचून अडला.

दोनेक वर्षांनी आम्ही गीझर घेतला आणि त्यालाच बोलावलं. तो म्हणाला, "याला वेगळी जाड वायर ओढावी लागते. ते माझं काम नाही. लायसनवाला वायरमन बोलवा." वायरमन दुप्पट पैसे सांगत होता. मी म्हटलं, "अरे, तुला काय येत नाही? तूच कर." गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने त्याने दिव्याच्या लाइनवरूनच जोडणी काढून दिली. दहा-बारा दिवसांनी पहाटे जळका वास आला. प्लग वितळला होता, वायर काळी पडली होती. पत्नीने वेळेवर मेन स्विच बंद केला म्हणून निभावलं. इमारतीने दोष मिस्त्रीला दिला, त्याची कामं बंद झाली. मी गप्प बसलो.

म्हणजे कागद नाही म्हणून ज्याला बँकेतून परत पाठवलं, त्यालाच घरात कागदावाचून जोखमीचं काम करायला लावलं. परवान्याच्या बाबतीत आपण मध्यमवर्गीय बहुतेक असेच वागतो.

कायदा याहून शहाणा आहे. भारतीय विद्युत नियम, १९५६ मधल्या ४५व्या नियमाने एक साधी रेघ आखली होती. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच नुसता बदलायचा तर परवाना लागत नाही. नवी लाइन ओढायची किंवा जुनीत फेरफार करायचा, तर परवानाधारक ठेकेदार, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आणि परवानाधारक कामगार हवा. २०१० आणि २०२३च्या विनियमांतही ही रेघ कायम आहे. मिस्त्रीला ती ठाऊक होती. ओलांडायला लावणारा मी होतो.

हल्ली मागणी होते, की घरात येणाऱ्या प्रत्येक कारागिराला परवाना सक्तीचा करा. मला हे पटत नाही. बिजागरी चुकली तर दार करकरतं; अर्थिंग चुकलं तर माणूस जातो. दोन्हींना एकच मोजमाप लावलं, तर सुरक्षितता वाढणार नाही, फक्त आणखी एक खिडकी आणि तिच्यापुढे आणखी एक रांग वाढेल. परवाना जिवाच्या जोखमीपुरता असावा, आणि तिथे मात्र कडक असावा.

पण मग तो मिळवण्याची वाटही सरळ हवी. वीस वर्षं हातात पक्कड धरलेल्याची परीक्षा हाताची घ्या. ती जवळच्या आयटीआयमध्ये, मराठीत आणि त्याचा रोज बुडणार नाही अशा दिवशी घ्या. २०२३ साली केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. अवजारांसाठी १५ हजार रुपये, विनातारण कर्ज, आधी एक लाख आणि मग दोन लाख, व्याज ५ टक्के. माझ्यातला बँकवाला सुखावला. पण त्या १८ व्यवसायांत सुतार आहे, गवंडी आहे. वायरमन नाही आणि प्लंबरही नाही. सगळंच थोडं थोडं करणाऱ्याने तर कोणत्या रकान्यात खूण करायची?

आणि आपण काय करायचं? नवी लाइन ओढायची असेल तेव्हा परवाना दाखवायला सांगायचा आणि त्याचे जास्तीचे पैसे कुरकुर न करता द्यायचे. मुख्य म्हणजे, "हे माझं काम नाही" असं एखादा मिस्त्री म्हणाला, तर त्याचं ऐकायचं. तेवढं मी त्या दिवशी ऐकलं असतं, तर त्याची पोटापाण्याची इमारत सुटली नसती.