'एफ'चा शिक्का आणि आपला भाबडेपणा

जुन्या मिलिटरी जीपच्या जाहिरातीत 'ऑल ओरिजिनल' असं वाचलं की मी आधी बॉनेट उघडायला सांगतो. आत सगळं चकाचक, एकाच रंगाचं आणि एकाच वयाचं दिसलं की समजायचं, पाणी मुरतंय! ऐंशी वर्षं राबलेल्या गाडीचे सगळे पार्ट एका वयाचे असूच शकत नाहीत.

पण आपल्या 'ओरिजिनल'वाल्या मंडळींना नेमकी उलटी शंका येते. पुण्या-मुंबईत हा पंथ सध्या जोरात आहे. चांगला पगार, वीकेंडला वेळ, आणि दुसऱ्या महायुद्धातली जीप दारात उभी करायची हौस. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'ओरिजिनल' या शब्दाच्या अर्थाला.

माझ्या मामांकडे पोंभुर्ण्याला अशी एक जीप आहे. चंद्रपूर जिल्ह्यातला हा जंगलपट्टा. या जीपने तेंदूपत्ता ओढलाय, बांबू ओढलाय, धानाची पोती ओढली आहेत. फोर्ड जीपीडब्ल्यू, म्हणजे फोर्डने बनवलेली युद्धकाळातली जीप. तिला मूळचा कार्टर कार्बोरेटर नाही, सोलेक्स आहे. पुण्याच्या एका जाणकार मित्राने तो बघून नाक मुरडलं, "हा कचरा आधी काढून टाक." तिथला म्हातारा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "काढा ना जी. पन मंग थे चालनार कशानं?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच 'ओरिजिनल'वाल्याकडे नसतं.

आता थोडा इतिहास. जीपचं डिझाईन विलीजचं. अमेरिकन सैन्याला एका कारखान्याचं उत्पादन पुरेना, म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्ये फोर्डलाही कंत्राट मिळालं. अट अशी की विलीजचा पार्ट फोर्डला आणि फोर्डचा विलीजला बसला पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचं तर इंटरफेस एक, इम्प्लिमेंटेशन दोन! दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा काढल्या. फोर्डने आपल्या पार्टवर, अगदी नट-बोल्टवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवलं. पण लष्करी वर्कशॉपमध्ये बिघडलेला पंप बदलताना कोणी 'एफ' शोधत बसलं नाही. हाताला लागला तो पंप लावला आणि गाडी पुढे पाठवली. म्हणजे 'नॉन-ओरिजिनल' पार्ट लावण्याचं पाप पहिल्यांदा खुद्द सैन्यानेच केलं. आणि ते पाप नव्हतंच, गाडी तशीच डिझाईन केली होती.

तरीही कुठला पार्ट मूळचा आणि कुठला नंतरचा हे ओळखता आलंच पाहिजे. इंधनाच्या वाटेवर ते ओळखणं फार अवघड नाही. टाकीपासून सुरुवात करा. मूळ टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली, साधारण ५७ लिटरची. तिथे प्लास्टिकचा कॅन ठेवला असेल तर टाकी कधीच सडून गेली. टाकीकडे परत येणारी दुसरी नळी दिसली तर मध्ये कधीतरी डिझेल इंजिन बसवलं होतं असा दाट संशय घ्या, कारण मूळ पेट्रोल जीपला परतीची नळी नव्हती. मूळ पंप एसी कंपनीचा, कॅमशाफ्टवर चालणारा. त्याच्या जागी नुसती झाकणपट्टी असेल आणि टाकीजवळ काहीतरी टकटक वाजत असेल, तर तो इलेक्ट्रिक पंप. तो १२ व्होल्टचा निघाला तर वायरिंगही बदललंय, कारण मूळ जीप ६ व्होल्टची. फायरवॉलवर धातूचा गाळणीवाला फिल्टर हवा. त्याऐवजी नळीत अडकवलेला पारदर्शक प्लास्टिकचा असेल तर तो बाजारातला. आणि कार्बोरेटर कार्टर डब्ल्यूओ, ५३९एस हवा. नंबराची पितळी पट्टी वरच्या झाकणाच्या स्क्रूला असते, पण ती सहज हरवते. पट्टी नाही म्हणून कार्टर खोटा ठरत नाही. आणि आजकाल नवी पट्टी विकतही मिळते, त्यामुळे पट्टी आहे म्हणून खराही ठरत नाही.

खरी गोम इथेच आहे. 'एफ' उठवलेले नवे बोल्ट बाजारात मिळतात. म्हणजे पोंभुर्ण्याच्या मिस्त्रीने उघडपणे लावलेला सोलेक्स 'डुप्लिकेट', आणि काल साच्यातून निघालेला 'एफ'चा बोल्ट 'ओरिजिनल'? सोलेक्स कधी म्हणाला नाही की मी कार्टर आहे. खोटं बोलतोय तो बोल्ट! गंमत म्हणजे फ्रान्समध्ये हॉचकिसने हीच जीप एम २०१ नावाने बनवली, तेव्हा तिला कारखान्यातूनच सोलेक्स होता. आता करा निवाडा.

माझ्या मते मूळ नसलेले पार्ट तीन जातींचे. सैन्याने बदललेले, वापरणाऱ्याने गरजेपोटी बदललेले, आणि विकणाऱ्याने फसवायला बदललेले. पहिले दोन हा गाडीचा इतिहास आहे, तिसरा गुन्हा. आपली मंडळी पहिले दोन उपटून फेकतात आणि तिसऱ्याला लाखो रुपये मोजतात.

कोणी म्हणेल, संग्रहालयात ठेवायची गाडी तरी मूळ रूपात नको का? जरूर हवी. तिला पावसाळ्यात चिखलातून पोती ओढायची नाहीत. पण जी गाडी चालवायची, तिला हट्टाने जुनाच पार्ट लावणं धोक्याचं आहे. २०२५ पर्यंत देशात पंपावरच्या साध्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल आलं. १९४० च्या दशकातलं रबर या पेट्रोलासाठी बनलेलंच नाही. पंपाचा जुना पडदा फाटला तर पेट्रोल बाहेर ठिबकतं किंवा इंजिनच्या ऑईलमध्ये उतरतं. गरम इंजिनाशेजारी पेट्रोल ठिबकणं म्हणजे काय हे सांगायला नको. इथे इथेनॉल सोसणारा नवा पडदा आणि नवी नळी लावणं हेच शहाणपण. त्याला कोणी 'नॉन-ओरिजिनल' म्हणालं तर खुशाल म्हणू दे.

सरकारनेही या खुळाला नकळत खतपाणी घातलंय. जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. वय पन्नास वर्षांच्या वर, गाडी मूळ स्वरूपात, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल नकोत. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही! म्हणजे जिने आयुष्यभर काम केलं ती मामांची जीप या व्याख्येत बसायची मारामार, आणि बसलीच तर तिचं काम बंद. उलट नव्या पार्टनी सजवलेली जीप नंबर प्लेट मिरवत रॅलीत फिरणार.

उपाय साधा आहे, आणि आपण सॉफ्टवेअरवाले तो रोज वापरतो. चेंजलॉग ठेवा. एक वही. कुठला पार्ट कधी बदलला, का बदलला, कोणी बदलला, जुना कुठे ठेवला. आपण कोणीही दहा वर्षं चाललेल्या सिस्टीमबद्दल 'एकही ओळ बदललेली नाही' अशी फुशारकी मारत नाही. मारलीच तर ऐकणारा हसेल. मग जीपवाल्याकडून तीच फुशारकी ऐकून आपण चेक का फाडतो?

तेव्हा पुढच्या वेळी जीप बघायला जाल तेव्हा 'ओरिजिनल आहे का?' असं विचारू नका. 'काय काय बदललंय?' असं विचारा. जो भडाभडा यादी सांगेल, त्याच्याशी भाव करा. जो म्हणेल 'काहीच नाही', त्याला नमस्कार करून निघा.

आणि त्या म्हाताऱ्या मिस्त्रीसारखी माणसं आहेत तोवर त्यांच्याकडून यादी लिहून घ्या. कार्टर परदेशातून मागवता येईल. कुठल्या साली काय मोडलं आणि ते कशाने चालवलं, हे मात्र कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळणार नाही.