परसासाठी कोंबडी निवडताना स्वभाव आधी

कोंबडीचा स्वभाव म्हणजे मुख्यतः चार गोष्टी. ती माणसाला किती बिचकते, कळपातल्या इतर कोंबड्यांशी किती भांडते, धोका दिसल्यावर काय करते आणि अंड्यांवर खुडूक बसते की नाही. पिल्ले विकणाऱ्यांच्या पत्रकात वजन आणि वर्षाची अंडी ठळकपणे छापलेली असतात, स्वभावाचा मात्र उल्लेखही नसतो. दहा-बारा पक्ष्यांच्या परसात हे उलट असायला हवे. तिथे खाद्य थोडे, राखण तुटपुंजी, आणि एक कुत्रा शिरला की वर्षाची बेरीज चुकते. पक्षी टिकणे, अंडी हाताला लागणे आणि अंगणात लहान मूल निर्धास्त खेळणे या तिन्ही गोष्टी स्वभावावर अवलंबून असतात.

हा स्वभाव बऱ्याच अंशी रक्तातून येतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात विल्यम म्यूर यांनी लेगहॉर्न कोंबड्यांवर केलेले काम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच बापाच्या बहिणी एका पिंजऱ्यात ठेवायच्या, चोची कापायच्या नाहीत, आणि पुढच्या पिढीसाठी एकटीदुकटी जास्त अंडी देणारी कोंबडी न निवडता ज्या पिंजऱ्याची एकत्रित कामगिरी चांगली तो अख्खा गट निवडायचा, अशी ही पद्धत होती. दुसऱ्या पिढीत अशा पिंजऱ्यांतले वार्षिक मरण ६८ टक्के होते. ते चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आले, कारण एकमेकींना टोचून मारणे घटले. फक्त आपल्यापुरती भरपूर अंडी देणारी कोंबडी शेजारणींना छळून पुढे गेलेली असू शकते, हा या कामाचा महत्त्वाचा धडा. घरचा कळप पाळणाऱ्याने तो ध्यानात ठेवावा.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त दिसणारी गावरान कोंबडी ही एक ठरलेली जात नाही. तिच्यात अनेक रक्तांची सरमिसळ आहे, म्हणून एकाच झापातून निघालेल्या दोन तलंगांचा स्वभाव वेगळा निघतो. तरी काही गुण सर्रास आढळतात. ती सावध असते, घारीची सावली पडली की झुडपाखाली शिरते, संध्याकाळी झाडावर किंवा पडवीच्या आढ्यावर चढते. अंडी वर्षाला साधारण ६० ते ८० मिळतात, कारण ती वरचेवर खुडूक बसते. दहा-बारा अंडी, २१ दिवस आणि त्यानंतर पिल्लांमागे दोन-अडीच महिने, एवढा काळ अंडी बंद. पण हेच तिचे मोल आहे. उबवणी यंत्र नसलेल्या घरात कळप पुढे चालतो तो खुडूक कोंबडीमुळेच. पिल्ले असताना ती पिसे फुलवून कुत्र्याच्याही अंगावर जाते, आणि या आक्रमकतेला दोष म्हणू नये.

असील ही जात स्वभावाच्या बाबतीत सर्वांत जास्त गैरसमजात सापडलेली आहे. झुंजीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडलेला हा पक्षी. उंच, ताठ, आखूड तुऱ्याचा, चार-पाच किलोपर्यंत भरणारा. झुंजी लावणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण रक्तातली झुंज कायद्याने जात नाही. पिल्ले काही आठवड्यांची झाली की एकमेकांवर तुटून पडतात, माद्याही सोडत नाहीत, आणि दोन वाढलेले कोंबडे एका अंगणात ठेवणे म्हणजे एकाला गमावणे. माणसाशी मात्र असील शांत असतो. त्याला उचलले, तपासले, पंख उघडून पाहिले तरी तो फारसा बिथरत नाही. मादी उत्तम खुडूक बसते आणि पिल्लांना जिवापाड जपते. तेव्हा एक कोंबडा आणि त्याच जातीच्या दोन-तीन माद्या एवढाच असीलचा कळप परसात शोभतो. गिरिराजसारख्या थंड सुधारित जातीच्या पक्ष्यांत असील सोडणे हा त्या बिचाऱ्यांवर अन्याय आहे. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने असीलच्या संकरातून ‘निर्भीक’ ही जात तयार केली. तिची चपळाई आणि लढाऊपणा शिकारी प्राण्यांपासून बचावासाठी उपयोगी पडतो, पण जागा अपुरी असेल तर तीही अडचणीची ठरते.

कडकनाथचे नेमके उलट आहे. झाबुआ भागातला, भिल्ल-भिलालांनी सांभाळलेला हा काळा पक्षी २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्यावर महाराष्ट्रातही घरोघर पोहोचला. तो कळपात फारसा भांडत नाही, पण माणसाला बिचकतो. हाताला लागत नाही, जरा धसका बसला की उडतो, आणि मोकळी सोडलेली मादी अंडी झुडपात घालते. वजनाला हलका असल्याने मुंगसाच्या तावडीतून सुटण्याची शक्यता त्याची जास्त. मादी मात्र अंड्यांवर नीट बसत नाही. म्हणून कडकनाथची अंडी गावरान कोंबडीखाली उबवण्याची पद्धत आहे आणि ती योग्यच आहे. महाग पिल्ले आणून उघड्या अंगणात सोडणाऱ्याने आधी जाळी आणि अंडी घालण्यासाठी अंधाऱ्या टोपल्यांची सोय करावी.

सुधारित जातींत गिरिराज (बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची) आणि वनराज (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची) या दोन जाती परसासाठीच घडवल्या. दोन्ही रंगीत, गावरानसारख्या दिसणाऱ्या, आणि दोन्हींचा स्वभाव मवाळ. वाटी वाजली की पायाशी येतात, मुलांना त्यांचा लळा लागतो, पकडून डोस देणे सोपे जाते. शांत म्हणून त्यांची सरसकट शिफारस केली जाते, तिथे मात्र थांबून विचार करायला हवा. जड अंगाचा, न बिचकणारा पक्षी उघड्या माळावर पहिला बळी ठरतो. तो कुत्र्यालाही माणसासारखाच जवळ येऊ देतो. कुंपण असलेल्या वाडीत वनराज चांगला, पण कुंपण नसलेल्या वस्तीवर त्याच संस्थेची हलकी, चपळ ग्रामप्रिया अधिक टिकते आणि अंडीही जास्त देते. या सुधारित माद्या सहसा खुडूक बसत नाहीत, हे आणताना माहीत असावे. दर वेळी पिल्ले विकतच आणावी लागतात.

विदेशी जातींपैकी ब्लॅक ऑस्ट्रालॉर्प ही शांतपणासाठी पहिली पसंती ठरावी. अंड्यांच्या जुन्या विक्रमासाठी ती जगभर ओळखली जाते (एका कोंबडीने ३६५ दिवसांत ३६४ अंडी दिली होती), पण परसात तिचे खरे मोल तिच्या संथ वागण्यात आहे. ऱ्होड आयलंड रेडच्या माद्या चांगल्या. कोंबडे अनेकदा तापट निघतात आणि तान्ह्या-चिमुरड्यांच्या घरात ते नसलेलेच बरे. पांढरी लेगहॉर्न चिडखोर नाही, भित्री आहे. फडफडते, दचकते, आणि खुडूकपणा तर तिच्यातून निवडीनेच काढून टाकलेला आहे. गच्चीवर हौसेने पाळल्या जाणाऱ्या सिल्की आणि कोचीन अतिशय गरीब असतात, मात्र त्यांच्या पिसाऱ्याला पावसाळा सोसत नाही.

कोंबड्याचा प्रश्न वेगळा धरावा. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. तो हवा फक्त पिल्ले हवी असतील तर. शहरातल्या घरात आरवण्यावरून शेजाऱ्यांशी होणारी भांडणे एवढ्या एका माहितीने टळतात. पिल्ले हवी असतील तर आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. पशुसंवर्धन विभागाच्या योजनेतील २५ तलंगा आणि ३ नर हे प्रमाणही याच हिशेबाचे आहे. पण तीन कोंबडे एका लहानशा आवारात कोंडले की ते आपापल्या हद्दीसाठी झगडतात आणि माद्यांची पाठ सोलून निघते. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत गोड वाटलेला कोंबडा वयात आल्यावर माणसावर धावू शकतो. त्याच्या पायाचा काटा मुलांच्या तोंडाच्या उंचीवर येतो, हे विसरू नये.

जात बरोबर असली तरी वाढवणूक बिघडली की स्वभाव बिघडतो. कळपात कोण कोणाला टोचणार याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी ती १९२०च्या दशकात मांडली. उतरंड ठरली की शांतता, नवा पक्षी आला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून एकटी नवी तलंग कधीच आणू नये. दोन-तीन एकदम आणाव्यात, काही दिवस जाळीपलीकडे ठेवाव्यात, मग रात्री दांडीवर जुन्यांशेजारी बसवाव्यात. दाटी, भगभगीत उजेड, खाद्यात प्रथिने किंवा मीठ कमी, खाद्याचे एकच भांडे, यांतल्या कोणत्याही कारणाने शांत जातही पिसे उपटू लागते. एकीच्या अंगावर रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचतात, तेव्हा जखमी पक्षी त्याच तासाला बाजूला काढावा. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांना रोज हातावर खाद्य दिले, हलके उचलले, तर मोठेपणी मानमोडीच्या लसीसाठी त्यांच्यामागे धावावे लागत नाही. मोठ्या बिचकणाऱ्या पक्ष्यांना अंधार पडल्यावर धरावे. त्यांना तेव्हा दिसत नाही आणि ते गप्प राहतात.

गावरान कळप ठेवणाऱ्याच्या हाती एक अधिकार आणखी असतो, आणि तो फार कमी लोक वापरतात. दिसायला देखणा कोंबडा ठेवून बाकीचे विकण्याची रीत आहे. त्याऐवजी जो माणसावर धावत नाही, दाणे दिसल्यावर माद्यांना आवाज देऊन बोलावतो आणि घार दिसताच इशारा करतो, तोच नर पैदाशीला ठेवावा. धावून येणारा कितीही रुबाबदार असला तरी विकावा, म्हणजे त्याचे मुलगे अंगणात वाढणार नाहीत. तसेच पिल्ले तुडवणारी किंवा अर्ध्यातून उठणारी कोंबडी पुन्हा अंड्यांवर बसवू नये. तिची अंडी खावीत, आणि पुढची पिल्ले काढायला जिने आधीची जगवली त्या कोंबडीची अंडी तिच्याच खाली ठेवावीत.