जुना सायलेन्सर मोडीत देताना

भगिनींनो, सोन्याचा तुकडा मोडीत देताना आपण मासा-गुंज पाहतो, अन् इको गाडीचा जुना सायलेन्सर मात्र लोखंडाच्या भावानं किलोवर देऊन टाकतो! अहो, त्याच नळीवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचा डबा असतो. धुरातलं विष कमी करायला १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला. आत चिनीमातीसारखी जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ लेप. असतो थोडासाच, पण मोलाचा. उगाच का महाराष्ट्रात, गुजरातेत इकोचे सायलेन्सर चोरणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या?

तेव्हा यजमानांना सांगा, नवा बसवला की जुना गॅरेजातून मागून आणा. डब्यावरच्या नंबराचा फोटो काढून धाराशिवबरोबर सोलापूर, लातूरलाही भाव विचारा. कंपनीच्या मूळ डब्याला जास्त मिळतात, बाहेरच्याला कमी. गॅरेजचं बिल जवळ ठेवा. चोरीचा माल म्हणून उगाच संशय नको. विकल्याची पावतीही घ्याच. चांगला चालणारा मात्र पैशापायी काढू नका, पीयूसीला गाडी अडते. आणि हो, दारात डबा फोडू देऊ नका. आतली पूड छातीत जाते, लेकरं जवळपास असतात.