‘नवीन आहे, आवाज करणारच!’

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी पंधरा दिवस कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मी चक्क सेलिब्रिटी झाले होते. माझी गाडी थांबायला लागली की आजूबाजूचे दोन-चार टू-व्हीलरवाले मान वळवून बघणारच. माझ्याकडे नव्हे हो, माझ्या ब्रेककडे! चींऽऽऽ असा, फळ्यावर नवा खडू घासल्यासारखा आवाज. आणि गंमत म्हणजे हा आवाज ब्रेक बिघडले म्हणून येत नव्हता, दुरुस्त केले म्हणून येत होता.

त्याचं झालं असं. दरवर्षी गणपतीला आम्ही माणगावला आत्याकडे जातो. रस्ता ताम्हिणी घाटाचा, दिवस पावसाचे. म्हणून शहाण्यासारखी मी गाडी आधीच गॅरेजला टाकली. पुढचे ब्रेक पॅड संपत आलेत, असा गॅरेजवाल्या दादांचा फोन आला तेव्हा मी रिलीजच्या मीटिंगमध्ये. ‘मॅडम, पॅडच्या क्लिपा गेल्यात, पिनांची रबरंही फाटलीयत. बदलून टाकू का?’ मी टेबलाखाली डोकं घालून कुजबुजले, ‘फक्त पॅड बदला. बाकीचं पुढच्या वेळी बघू.’

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवसापासून चीं सुरू. फोन केला तर उत्तर तयार होतं, ‘नवीन आहेत मॅडम, आवाज करणारच. चालवा आठवडाभर, बसतील.’ यात खोटं काही नव्हतं. नवे पॅड आणि जुनी डिस्क यांचं लगेच जमत नाही. पॅडचा थोडा थर डिस्कवर सारखा बसेपर्यंत शे-दोनशे किलोमीटर जातात, तोवर थोडी कुरकुर चालायचीच. पण आठवडा झाला तरी माझी चीं तिथेच. उलट वाढलेली.

मग एकदा सकाळी ऑफिसला जाता जाता गाडी गॅरेजला नेली. तर तिथे ही बया एकदम गप्प! दादांनी गल्लीत एक चक्कर मारली आणि म्हणाले, ‘कुठाय आवाज?’ मी पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर आहे. डेव्हलपर जेव्हा शांतपणे म्हणतो, ‘माझ्या मशीनवर चालतंय,’ तेव्हा जी तिडीक जाते, अगदी तीच गेली. पण वेळ कुणाला होता? मी सगळ्यात सोपा उपाय केला. रेडिओचा आवाज वाढवला.

रविवारी बाबांना घेऊन बाजारात निघाले. बाबांना गाडी चालवता येत नाही. आयुष्यभर एकच स्कूटर चालवली, पण तिचा प्रत्येक खुळखुळाट वहीत तारीख घालून लिहून ठेवला. वारज्याच्या अलीकडे म्हणाले, ‘रेडिओ बंद कर गं जरा.’ मी केला. थोडा वेळ ते खिडकीकडे कान करून बसले. मग विचारलं, ‘आत्ता ब्रेक दाबलायस का तू?’

‘नाही.’

‘मग वाजतंय काय?’

खरं सांगते, पोटात गोळा आला. कारण हा प्रश्न मी इतक्या दिवसांत स्वतःला एकदाही विचारला नव्हता. ऑफिसात कुणी ‘ॲप नीट चालत नाही’ एवढंच लिहून पाठवलं तर मी त्याला पंधरा प्रश्न विचारते. कधी? कुठे? काय केल्यावर? परत करून दाखव. आणि गॅरेजला मात्र मी काय सांगितलं? ‘आवाज येतोय.’ बस्स.

तेव्हा परतल्यावर आम्ही बापलेकीने सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर रीतसर टेस्टिंग केलं. काचा खाली, रेडिओ, एसी बंद. गार गाडी असताना आवाज नाही. दहा-पंधरा मिनिटं चालली की सुरू. सुरुवातीला फक्त ब्रेक दाबल्यावर, नंतर न दाबताही. वेग वाढला की चीं-चीं-चींची लयही वाढते, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी आहे. आवाज डावीकडून येतोय आणि ब्रेक मारला की गाडीही किंचित डावीकडे ओढते. गॅरेजला का नाही वाजली, तेही कळलं. गॅरेज घरापासून तीन मिनिटांवर, तिथे गाडी पोचायची ती गारच!

शेवटी बाबांनी उतरून पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात धरला. हात लावला नाही, नुसता जवळ धरला. (तुम्हीही लावू नका, भाजतं.) उजवं चाक कोमट. डाव्याजवळ हात ठेववेना, वर जळकट वास. बाबा एवढंच म्हणाले, ‘यातूनच घाट उतरणार होतो का आपण?’

दुसऱ्या दिवशी हे सगळं एका कागदावर लिहून नेलं. दादांनी वाचलं आणि यावेळी वाद घातला नाही. जॅक लावून पुढची दोन्ही चाकं हाताने फिरवली. उजवं सहज फिरलं, डावं अडकत होतं. चाक काढल्यावर सगळं समोर आलं. पॅड दाबणारा जो कॅलिपर असतो तो दोन पिनांवर मागेपुढे सरकतो. पाय ब्रेकवरून उचलला की दोन्ही पॅड किंचित सैल व्हायला हे सरकणंही लागतं. माझ्या गाडीत एका पिनेचं रबर फाटून पावसाचं पाणी आत गेलेलं, ग्रीस धुऊन गेलेलं, पीन गंजून घट्ट. म्हणजे ब्रेक सुटतच नव्हता. नवाकोरा पॅड एका बाजूने जास्त झिजला होता आणि तापून तापून काचेसारखा गुळगुळीत झाला होता.

दादा हळूच म्हणाले, ‘मॅडम, मी विचारलं होतं.’

हो, विचारलं होतं. ‘बाकीचं पुढच्या वेळी’ कोण म्हणालं होतं? मी त्यांना म्हटलं, ‘तुम्ही पीन घट्ट आहे म्हणाला असतात तर हो म्हटलं असतं.’ ते म्हणाले, ‘तुम्ही मीटिंगमध्ये नसतात तर म्हणालो असतो.’ हिशेब फिट्टंफाट. नव्या पिना, रबरं, क्लिपा, उष्णतेला टिकणारं ब्रेकचं ग्रीस आणि पॅडचा पुन्हा एक नवा सेट. वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट बिल. डिस्कची जाडी मात्र मी समोर उभं राहून मोजून घेतली. कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, माहीत होतं तुम्हाला?

आता तुमच्यासाठी थोडं फुकटचं ज्ञान. ब्रेकच्या प्रत्येक आवाजाला घाबरायचं कारण नाही. रात्रभर पाऊस झाला की सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतात. तो डिस्कवरचा वरवरचा गंज, लगेच निघून जातो. ब्रेक न दाबताही एकसारखं पातळ खर्रर्र ऐकू आलं, तर डिस्कमागचा पत्रा काम करताना वाकून तिला घासत असेल. पाच मिनिटांचं काम आहे. फक्त हळू थांबताना चीं होत असेल, तर पॅड थरथरतोय. क्लिपा आणि पॅडच्या पाठीमागची पातळ पट्टी बसवलीय का, विचारा. काही पॅडना झीज कळावी म्हणून पत्र्याची छोटी जीभ असते. ती वाकडी बसली तर नवा पॅडसुद्धा ओरडतो.

पण लोखंडावर लोखंड घासल्यासारखी घरघर, ब्रेक मारताना खट्ट आवाज, एकच चाक तापणं किंवा पेडल मऊ लागणं, यातलं एक जरी झालं तरी ‘बसतील, बसतील’ ऐकून घ्यायचं नाही. गाडी चालवत नेऊसुद्धा नका, मेकॅनिकला तिथे बोलवा. घाटात तापलेल्या ब्रेकची पकड कमी होत जाते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी धरतं, ते फार तापलं तर आत वाफ होते आणि पेडल खाली जातं, गाडी थांबत नाही. आणि हो, आवाज बंद करायला पॅडवर तेलाचा स्प्रे मारायचा सल्ला कुणी दिला तर त्याला हात जोडा. आवाज जाईल, ब्रेकही जाईल!

नव्या पॅडना यावेळी मी नीट बसवलं. रिकाम्या रस्त्यावर पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, हलक्या पायाने आठ-दहा वेळा. मध्ये थोडी गार होऊ द्यायची. मग अर्धा तास चालवून बाबांनी पुन्हा दोन्ही चाकांजवळ हात धरला. दोन्ही सारखीच कोमट. वहीत नोंद झाली, तारखेसकट.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताम्हिणी उतरलो. दुसरा गिअर, पाऊस धो धो, मागच्या सीटवर आईच्या मांडीवर नारळांची पिशवी. वायपर सोडला तर गाडीत कसलाही आवाज नाही. घाट संपल्यावर मी रेडिओकडे हात नेला.

बाबा म्हणाले, ‘राहू दे. माणगाव येऊ दे आधी.’